मोठ्या कॅटफिशच्या अंगावर जखम झाली तर काय करायचं

कॅटफिशला खवले नसतात. रोहू-कटल्याचं अंग कुठं घासलं तर आधी खवले निघतात, मग कातडीची पाळी येते. रेडटेल, टायगर शोव्हलनोज किंवा दुकानात 'शार्क' म्हणून खपवला जाणारा पंगस यांना ती सोय नाही. वर बुळबुळीत थर आणि त्याखाली थेट कातडी. त्यामुळं जखम पटकन होते आणि दिसतेही भयंकर. शिवाय पाण्यात टाकलेलं औषध याच कातडीतून आणि कल्ल्यांतून भराभर आत जातं. घाबरून एकाच दिवशी तीन बाटल्या ओतल्या की मूळ खरचटणं बाजूला राहतं आणि मासा औषधानं जातो.

हा लेख फूटभराच्या वरच्या, बिनखवल्याच्या कॅटफिशसाठी आहे. सकर फिश आणि छोट्या कॉरी यांच्या अंगावर हाडांच्या पट्ट्या असतात, त्यांचं थोडं वेगळं असतं.

पहिल्या तासात

टाकीचा दिवा बंद करा. मासा पकडू नका. हे दोन नियम पाळले तरी निम्मं काम झालं असं समजा, कारण जखमी मासा बिथरला की त्याच काचेवर पुन्हा आपटतो.

घरात बातमी पसरली की सल्ले सुरू होतात. कोल्हापुरात पहिला सल्ला ठरलेला असतो, "हळद लावा की वो!" माणसाच्या बोटाला हळद चालते. पाण्यातल्या माशाला लावलेली हळद मिनिटात धुऊन जाते, पाणी गढूळ होतं आणि लावण्यासाठी मासा बाहेर काढला म्हणून त्याचा बुळबुळीत थर पुसला जातो तो वेगळाच. तो थर म्हणजे माशाची खरी मलमपट्टी. जंतू आणि बुरशी तोच अडवून धरतो.

हळदीऐवजी एक जादा एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा खडा) सोडा. जखमेचे दोन-तीन फोटो काढा, त्यातला एक काचेबाहेर फूटपट्टी धरून. रोज त्याच कोनातून फोटो काढला की जखम पसरतेय की आक्रसतेय हे नक्की कळतं. नुसत्या नजरेवर राहिलात तर रोज वेगळंच वाटत राहतं.

दुसरा मासा चावत असेल तर चावणाऱ्याला हलवा, जखमीला नाही.

जखम कशानं झाली ते शोधा

हे केल्याशिवाय पुढं जाण्यात अर्थ नाही. कारण टाकीतच राहिलं तर आठवड्यात तीच जखम पुन्हा दिसेल. जखमेची जागा आणि आकार बरंच काही सांगून जातात.

नाकाड सोललेलं असेल तर मासा काचेवर आपटलाय. पंगस हा भित्रा मासा. अंधारात अचानक लाईट लागली, कुणी काचेवर टिचकी मारली की तो सरळ समोर सुटतो. टायगर शोव्हलनोजचं लांब चपटं तोंड याच कारणानं कायम खरचटलेलं असतं. दोघंही नदीत मीटरभर किंवा त्याहून मोठे होणारे मासे आहेत. चार फुटी टाकीत त्यांना वळायलाही जागा नसते.

पोटाला किंवा कुशीला लांबट, कडेला पांढुरका आणि मधे लाल असा पट्टा दिसला तर हीटरकडं बघा. कॅटफिशला कशाला तरी टेकून पडून राहायची सवय असते आणि तो हीटरला टेकतो. भाजल्यावर लगेच उठेल असं आपल्याला वाटतं, पण बऱ्याचदा तो उठत नाही. रेडटेल तर शेपटीच्या एका फटक्यात काचेचा हीटर फोडतो, मग विजेचा धोका आलाच. हीटरला प्लास्टिकची जाळी बसवा. फिल्टरची वेगळी टाकी असेल तर हीटर तिच्यात ठेवा.

अंगावर गोल, उथळ, बुळबुळ गेलेले डाग असतील तर संशय सकर फिशवर घ्या. तळ साफ करतो म्हणून आणलेला हा मासा रात्री मोठ्या संथ माशाच्या अंगाला चिकटतो आणि थर खरवडून खातो. काहींना तो नाद लागला की सुटत नाही. त्याला दुसरीकडं हलवा. भुकेल्या रेडटेलनं त्याला गिळायचा प्रयत्न केला तर सकरच्या परांचे काटे घशात अडकतात, हा आणखी एक ताप.

खरचटल्यासारखं काहीच नाही, पण कातडीत लालसर खड्डा पडलाय, असं दिसलं तर ती मार लागून झालेली जखम नसण्याची शक्यता जास्त. जंतूंमुळं पडणारे व्रण असे असतात आणि त्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा खराब पाणी असतं.

पाणी

उपचाराचा मोठा भाग इथंच आहे. स्वच्छ पाण्यात साधं खरचटणं आपोआप भरतं. माशाच्या वरच्या कातडीच्या पेशी कडेनं सरकत जखमेवर पसरतात, आणि उथळ जखमेवर पातळ पापुद्रा यायला फार वेळ लागत नाही. अमोनिया (माशाच्या घाणीतून आणि कुजलेल्या खाण्यातून पाण्यात सुटणारं विष) असलेल्या पाण्यात मात्र हीच नवी कातडी जळत राहते, वरून काहीही लावा.

म्हणून आधी टेस्ट किटनं पाणी तपासा. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट ४० पीपीएमच्या खाली. पहिल्या दोनपैकी काहीही शून्याच्या वर दिसलं तर त्याच दिवशी तिसरा हिस्सा ते निम्मं पाणी बदला. सगळं ठीक असेल तरी पहिला आठवडा रोज किंवा एक दिवसाआड पाव हिस्सा पाणी बदलत राहा. फिल्टरला हात लावू नका. स्वच्छतेच्या भरात स्पंज नळाखाली धुतला तर त्यातले उपयोगी जीवाणू क्लोरीननं मरतात आणि तीन दिवसांत अमोनिया वर चढतो. धुवायचाच असेल तर टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळून घ्या.

आता आपल्या कोल्हापूरच्या पाण्याचं. शहराला पूर्वापार पंचगंगेचं पाणी मिळत आलं आणि २०२३ च्या अखेरीस काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइन सुरू झाली. धरण कुठलंही असो, नळाला येणाऱ्या पाण्यात क्लोरीन असतं आणि उघड्या जखमेला, कल्ल्यांना ते झोंबतं. दुकानात अँटीक्लोरीन मिळतं किंवा हायपोचे खडे मिळतात, फोटोच्या डार्करूममध्ये वापरायचे तेच. पाकिटावरच्या प्रमाणात ते आधी बॅरलमध्ये टाका, मग ते पाणी टाकीत. साधं क्लोरीन चोवीस तास एअरस्टोन चालवूनही उडून जातं, पण मासा जखमी असताना दोन्ही करा.

पावसाळ्यात दोन गोष्टी होतात. नदीचं पाणी गढूळ झालं की क्लोरीनची मात्रा वाढवली जाते, नळ सोडल्यावर वासावरूनच कळतं. आणि घरोघरी पाण्यात तुरटी फिरवली जाते. तुरटी फिरवलेलं पाणी टाकीत अजिबात घालू नका. तुरटीनं पाण्याचा सामू खाली येतो आणि तिच्यातलं अ‍ॅल्युमिनियम कल्ल्यांना त्रास देतं. गढूळ पाणी बॅरलमध्ये दिवसभर निवळू द्या आणि वरचं नितळ पाणी सायफननं घ्या.

बोअरचं पाणी वापरत असाल तर ते बहुधा जड असतं. मोठ्या कॅटफिशना थोडं जड पाणी चालतं, पण नळाच्या पाण्यावर वाढलेल्या माशाला जखमी अवस्थेत एकदम बोअरचं पाणी देऊ नका. तापमान २४ ते २६ अंशांच्या दरम्यान स्थिर ठेवा. नेटवर बऱ्याच ठिकाणी तापमान ३० पर्यंत चढवायला सांगतात. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगात त्याला अर्थ आहे, जखमेत नाही. गरम पाण्यात प्राणवायू कमी मुरतो आणि जखमेवर बसणारे काही जंतू तर उबेत जास्त माजतात. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री इथं पाणी चांगलंच गारठतं, तेव्हा हीटर हवाच, पण जाळीसकट.

लाईट गेली की एअरपंप बंद. २०१९ च्या महापुरात वीज आणि नळ दोन्ही किती काळ बंद होते हे इथं कुणाला सांगायला नको. बॅटरीवर चालणारा एअरपंप आणि निवळलेल्या पाण्याचं एक भरलेलं बॅरल जूनच्या आधीच तयार असू दे. बॅरल आधी कशाचं होतं हे मात्र विकणाऱ्याला विचारून घ्या, रसायनाचं नको.

मीठ, आणि त्याचा हिशेब

बाजारातल्या कुठल्याही बाटलीपेक्षा माझा भरवसा किराणा दुकानातल्या जाड्या मिठावर जास्त आहे. जखमेतून माशाच्या अंगातले क्षार पाण्यात जात असतात आणि पाणी आत शिरत असतं. पाण्यात थोडं मीठ असलं की ही झीज कमी होते, बुळबुळीत थर वाढतो आणि नायट्राइटचा त्रासही कमी होतो. पाकीटबंद बारीक मिठात ते सुटं राहावं म्हणून काही घातलेलं असतं, म्हणून खडेमीठच घ्या.

कॅटफिशला मीठ चालतच नाही असं दुकानात सांगतात. त्यात अर्धं तथ्य आहे. एकदम जास्त चालत नाही. लिटरला १ ग्रॅमनं सुरुवात करा आणि २ ग्रॅमवर थांबा. त्याच्या पुढं जाण्याची गरज सहसा पडत नाही.

हिशेब असा. ६ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच टाकी म्हणजे २४ घनफूट. एका घनफुटात साधारण २८ लिटर, म्हणजे ६७२. वरची रिकामी जागा, दगड वगैरे वजा जाता ६०० लिटर धरा. लिटरला १ ग्रॅम म्हणजे ६०० ग्रॅम मीठ. ते एकदम ओतायचं नाही. टाकीतलंच पाणी बादलीत घेऊन मीठ पूर्ण विरघळवा आणि दिवसभरात तीन-चार वेळा थोडं थोडं, फिल्टरचं पाणी जिथं पडतं तिथं सोडा. न विरघळलेला खडा तळाला पडला आणि कॅटफिश त्यावर जाऊन बसला तर नवी जखम. दुसऱ्या दिवशी मासा नेहमीसारखा दिसला तर आणखी ६०० ग्रॅम.

नवखे हमखास गडबडतात ते पुढं. मीठ उडून जात नाही. पाणी आटलं आणि तुम्ही साधं पाणी भरून पातळी पूर्ववत केली तर मीठ तेवढंच राहतं, वर काही घालायचं नसतं. पाणी बदललं तरच, आणि जेवढं बदललं तेवढ्याच पाण्याचं मीठ घालायचं. १५० लिटर बदललं आणि मात्रा २ ग्रॅमची असेल तर ३०० ग्रॅम. हे एका कागदावर लिहून टाकीला चिकटवा, नाहीतर घरातले दोघं दोनदा मीठ घालतात.

औषध कधी

पाणी आणि मीठ यांवर दोन-तीन दिवसांत जखमेची लाली कमी व्हायला लागते. तसं होत नसेल तर जवळून बघा.

जखमेवर कापसाचे तंतू फुटल्यासारखे दिसतात, पाण्याच्या प्रवाहात हलतात, ती बुरशी. ती मेलेल्या कातडीवर धरते आणि तशी सावकाश वाढते. पण तंतू नाहीत, चपटा राखाडी-पांढरा थर आहे, कड पिवळसर किंवा लाल आहे आणि कालच्या फोटोपेक्षा डाग आज स्पष्ट मोठा दिसतोय, तर तो जंतुसंसर्ग समजा. उबदार पाण्यात याचा एक प्रकार दोन-तीन दिवसांत मासा संपवतो. दोन्ही पांढरे दिसतात म्हणून दुकानात दोन्हींना 'फंगस' म्हणतात आणि एकच निळी बाटली हातात देतात. संसर्गाच्या वेळी यात लाखमोलाचे दिवस वाया जातात.

निळी बाटली म्हणजे बहुधा मिथिलीन ब्लू. बुरशीवर उपयोगी, पण मुख्य टाकीत नको, कारण ते फिल्टरमधले जीवाणूही मारतं. वेगळ्या टबात वापरा. मॅलाकाइट ग्रीन, फॉर्मॅलिन आणि तांबं असलेली औषधं बिनखवल्याच्या माशांना जड जातात. ज्या बाटलीवर आत काय आहे हे लिहिलेलंच नाही ती स्वस्त असली तरी घेऊ नका. कुठलंही औषध टाकताना फिल्टरमधला कोळसा काढून ठेवा, तो औषध शोषून घेतो. मीठ तो शोषत नाही. प्रतिजैविकं कुणी 'आपल्याकडं आहेत' म्हणून दिली तरी अंदाजानं टाकायची नाहीत, ती डॉक्टरांनी सांगायची गोष्ट.

मासा हातात घ्यावाच लागला तर

पाठीवरच्या किंवा कुशीच्या जखमेला एकदा पोव्हिडोन आयोडीन लावल्यानं फायदा होतो, पण हे दीड-पावणेदोन फुटांच्या आतल्या, शांत माशासाठी. त्याहून मोठ्या माशाला भूल दिल्याशिवाय धरणं म्हणजे त्याला आणि स्वतःला इजा करून घेणं.

जाळी वापरू नका. कॅटफिशच्या पाठीवरच्या आणि छातीच्या परांना टणक काटा असतो. घाबरल्यावर तो काटा ताठ होऊन अडकून बसतो, जाळीत गुंततो आणि सोडवता सोडवता आणखी कातडी फाटते. त्याऐवजी मोठा प्लास्टिक टब टाकीत बुडवा, दोघांनी मिळून माशाला हळूहळू आत वळवा आणि पाण्यासकट उचला. शेपटीला धरून कधीच नाही. मोठ्या माशाचं सगळं वजन कण्यावर येतं.

टबातलं पाणी जखम उघडी पडेल आणि कल्ले बुडलेले राहतील इतकं कमी करा. डोळ्यांवर टाकीच्या पाण्यात भिजवलेलं मऊ फडकं टाका, मासा बराच शांत होतो. हात ओले करूनच लावा. इअरबडनं जखमेवरचं पाणी अलगद टिपा, दुसऱ्या इअरबडनं आयोडीन फक्त जखमेवर लावा, तीसेक सेकंद थांबा, वरून टाकीचं थोडं पाणी सोडा आणि मासा परत टाकीत. डोळे, तोंड, मिशा आणि कल्ले यांना आयोडीन लागता कामा नये. औषधाच्या दुकानात मागताना 'सोल्यूशन' असं स्पष्ट सांगा. 'स्क्रब' नावाची बाटली दिसायला तशीच असते, पण तिच्यात साबण असतो. हायड्रोजन पेरॉक्साइड फेसाळतो म्हणून काम करतोय असं वाटतं, पण भरत आलेली कातडीही त्यात जाते.

काटा तुमच्या हाताला लागला तर दुर्लक्ष करू नका. जखम साबणानं धुवा आणि सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा, ठणका कमी होतो. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवत नसेल किंवा हात सुजायला लागला तर दवाखाना गाठा.

डॉक्टरांकडं कधी

मांस दिसत असेल, डाग रोज वाढत असेल, मासा एका कुशीवर कलत असेल किंवा पृष्ठभागाशी येऊन हवा घेत असेल तर वाट बघू नका. गाईम्हशींचे डॉक्टर जिल्ह्यात भरपूर, माशांवर हात बसलेले कमी. आधी फोन करून मासे बघता का हे विचारा. नाहीच कुणी मिळालं तर रत्नागिरीला शिरगावचं मत्स्य महाविद्यालय आहे, आंबा घाट उतरून गेलं की आलंच. मासा घेऊन जायची गरज नाही. रोजचे फोटो, टाकीचं माप, टेस्ट किटचे आकडे आणि आतापर्यंत काय काय टाकलं याची यादी, एवढं हाताशी ठेवून तिथं किंवा डॉक्टरांकडं बोला. ही यादी नसेल तर कुणीही अंदाजच सांगणार.

खाणं

पहिले एक-दोन दिवस काहीच देऊ नका. मोठा कॅटफिश आठवडाभर न खाता सहज राहतो, आणि न खाल्लेला तुकडा कुजला की अमोनिया आलाच. नंतर कोळंबी किंवा काटा काढलेल्या माशाचे छोटे तुकडे. चिकन-मटण आपल्या रश्श्यासाठी राहू दे, जमिनीवरच्या जनावराची चरबी माशाला नीट पचत नाही. जिवंत छोटे मासे तर या काळात मुळीच नकोत, रोग त्यांच्याबरोबरच येतात.

जखम भरताना

लाल भाग आधी गुलाबी होतो, मग पांढुरका पडतो. हा पांढुरका रंग म्हणजे नवी कातडी, बुरशी समजून तिथं औषध चालवू नका. तंतू आहेत का, कड वाढतेय का, एवढंच बघा. रंग परतायला कित्येक आठवडे जातात आणि कधी कधी तिथं कायमचा फिका किंवा गडद डाग राहतो.

नाकाडाची जखम भरत नसेल तर टाकीच्या बाहेरून तिन्ही बाजूंना गडद कागद लावून बघा, काच आहे हे माशाला कळायला मदत होते. टोकदार खडी आणि शोभेचे किल्ले-जहाजं काढून तळ मोकळा ठेवा. तरीही आपटतच असेल तर टाकी अपुरी पडतेय. मग मोठी टाकी, सिमेंटचा हौद किंवा सांभाळू शकणारा दुसरा माणूस शोधा. रंकाळ्यात किंवा पंचगंगेत सोडणं हा पर्याय नाही. हे परदेशी मासे इथल्या माशांच्या मुळावर येतात. आफ्रिकन मांगूर पाळण्यावर देशात बंदी आली ती याच अनुभवानं.

जखमेवर सलग कातडी आली की मीठ घालणं थांबवा. नेहमीसारखं पाव-पाव हिस्सा पाणी बदलत गेलात की हळूहळू ते आपोआप उतरतं, त्यासाठी एकदम सगळं पाणी बदलायचं नाही. आणि काढलेलं ते पाणी या दिवसांत कुंड्यांना न घालता मोरीत ओता, मिठानं झाडं करपतात.